मुखपृष्ठाचा धनी कोण?

राधानगरीसारख्या तालुक्याच्या गावी चित्रदालन असावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीची साक्ष देणारे धरण आणि त्यामागे पसरलेला लक्ष्मी तलाव, पलीकडे दाजीपूरचे जंगल आणि त्यातील गवे, एवढे या गावाचे वैभव. चित्रे पाहावयाची तर सुमारे पन्नास किलोमीटरांवरील कोल्हापूर गाठावे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो पूर्णांशाने खरा नव्हे. फोंडा घाटाच्या वाटेवरील या गावाने आणि भोवतीच्या वाड्यावस्त्यांनी गेल्या पाऊणशे वर्षांत चित्रे पाहिली आहेत, आणि भरपूर पाहिली आहेत. ती एस. टी. स्थानकावरील टपरीत दोरीला टांगलेली असत. वाचनालयाच्या कपाटात काचेआड उभी असत. दिवाळीनंतर महिना दोन महिने घरोघर हातोहात फिरत. पुस्तकाचे आणि मासिकाचे मुखपृष्ठ हेच ग्रामीण महाराष्ट्राचे पहिले चित्रप्रदर्शन होते. त्याला प्रवेशशुल्क नव्हते आणि ते वर्षभर उघडे असे.

या प्रदर्शनातील सर्वांत गजबजलेले दालन अद्भुताचे होते. वेताळ, यक्ष, मायावी राजवाडे, आकाशातून धावणारे घोडे आणि विवरात दडलेले सर्प शब्दांतून ऐकता येतात, पण ते डोळ्यांपुढे उभे करण्याचे काम चित्रकारानेच केलेले असते. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कोणाही शिक्षकाला वा कारकुनाला विचारावे: खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेऊन स्मशानातून निघालेला राजा विक्रम त्याला जसाच्या तसा आठवतो. राजाची पावले कशी पडत होती आणि झाडाच्या फांद्या कशा वाकल्या होत्या, हेही तो सांगेल. मात्र ते चित्र कोणी काढले असे विचारले की उत्तर येत नाही. ज्याने एका पिढीच्या कल्पनाशक्तीला आकार दिला त्याचे नावही त्या पिढीला ठाऊक नसावे, ही केवळ वाचकांची विस्मरणशीलता म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. तिच्या मुळाशी व्यवहार आहे, कायदा आहे आणि आपल्या साहित्यसंस्थांची एक जुनी सवयही आहे.

विक्रम-वेताळाचे ते चित्र 'चांदोबा'तले. मद्रासहून बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत हे मासिक सुरू केले आणि १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती निघाली. कथा भाषेभाषेत वेगळ्या शब्दांत जात, चित्रे मात्र सर्वत्र तीच असत. त्यामुळे श्रीकाकुळमचे मूल आणि राधानगरीचे मूल यांचा राक्षस एकच होता. विक्रमाचे चित्र के. सी. शिवशंकरन या चित्रकाराचे. 'शंकर' या सहीने त्यांनी अनेक दशके 'चांदोबा'ची पाने रंगविली. २०२० साली त्यांचे निधन झाले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे महाराष्ट्रातील अनेकांना या सहीमागचा माणूस समजला. मुखपृष्ठांपैकी कितीतरी वड्डादी पापय्या यांची. त्यांची आद्याक्षरांची सही तेलुगू लिपीत असे. मराठी मुलाला ती नक्षीचाच एक भाग वाटत असल्यास नवल नाही.

१९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स' आले आणि ली फॉक यांचा बुरखाधारी वनवासी नायक मराठीत 'वेताळ' याच नावाने अवतरला. एक वेताळ झाडाला लोंबकळणारा, दुसरा घोड्यावर बसणारा! मराठी मुलांनी हा नामसंकर तक्रारीवाचून पत्करला. या मालिकेची अनेक मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगविली. तेही नाव आज जुन्या अंकांच्या संग्राहकांपलीकडे फारसे कोणास माहीत नाही.

मद्रास आणि मुंबई दूरची झाली. पण अद्भुताच्या चित्रणाची एक थोर परंपरा खुद्द करवीरच्या मातीत आहे, आणि राधानगरीच्या विद्यार्थ्याला ती सांगितली जात नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ सालचा, कोल्हापूरचा. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तेथेच त्यांनी अध्यापन केले आणि तेथील संचालकाच्या आसनावर बसणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांची ऐतिहासिक व पौराणिक चित्रे पुष्कळांनी पाहिलेली असतात. तुलनेने कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, १९१४ साली सी. ए. किंकेड या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या पुस्तकाची चित्रे धुरंधरांची आहेत. आटपाट नगर, नागोबा, देवता आणि नावडती राणी यांची ही दुनिया मराठी बायकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होती. तिला रंगीत छापील रूप मिळाले ते परक्या भाषेतील पुस्तकात. आणि त्या पुस्तकाने चित्रकाराचे नाव लेखकासोबत छापले. धुरंधरांनी आपल्या कलाशाळेतील आयुष्याची हकीकत 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. चित्रकाराने स्वतःची कहाणी स्वतः सांगावी असे उदाहरण मराठीत विरळाच.

दुसरे नाव बाबूराव पेंटर यांचे. 'पेंटर' हे आडनाव नव्हे, ते धंद्याचे नाव. मूळचे ते मेस्त्री. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. नाटकाचा पडदा म्हणजे काय, तर अरण्य, राजमार्ग, महाल, उद्यान असे एकेक स्थळ कापडावर उतरविणे, आणि तेही कंदिलाच्या वा गॅसबत्तीच्या उजेडात प्रेक्षकाचा विश्वास बसेल असे. या पडद्यांवरील महाल कोणत्याही नगरीत बांधलेला नव्हता, तो चित्रकाराच्या डोक्यातून आला होता. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगविली. उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे नाव घेतले जाते. याच कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली, आणि पुण्यास जाण्यापूर्वी १९३२ मध्ये 'माया मच्छिंद्र' हा निखळ अद्भुतपट काढला. त्याची स्त्रीराज्याची मायावी नगरी उभारणारे कलादिग्दर्शक फत्तेलाल हेही मूळचे चित्रकारच. नाटकाच्या पडद्यावरून चित्रपटाच्या सजावटीत, तेथून भित्तिपत्रकावर आणि भित्तिपत्रकावरून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असा अद्भुताचा प्रवास मराठी मुलखात झालेला दिसतो. तो कोणी सलग मांडून दाखविलेला नाही, कारण कलेचा इतिहास लिहिणारे मुखपृष्ठाकडे पाहत नाहीत आणि साहित्याचा इतिहास लिहिणारे मुखपृष्ठ उलटून आत शिरतात.

मुखपृष्ठाचे सुवर्णयुग मात्र दोन गोमंतकीयांचे. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) मडगावचे, आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) अस्नोड्याचे. दलालांची रेषा लवचीक, रंग थोडे आणि नेमके. एकाच मुखपृष्ठात कादंबरीचा भाव पकडण्याची त्यांची हातोटी विलक्षण. मुळगावकरांची जातकुळी वेगळी. फवाऱ्याने रंग भरण्याच्या तंत्रामुळे त्यांच्या देवदेवतांच्या आणि अप्सरांच्या कांतीला एक झळाळी येई. अभिजनांनी तिला गोडगोड म्हणून नाके मुरडली, आणि सामान्य घरांनी ती चौकटीत बसवून देवघराशेजारी लावली. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही मुळगावकरांची. ज्या हाताने लक्ष्मी-सरस्वती काढल्या त्याच हाताने काळ्या बुरख्यातला काळापहाड काढला आणि वाचकांना त्यात कसलीच विसंगती वाटली नाही.

आता अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी. दलाल आणि मुळगावकर यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत, ती केवळ त्यांच्या गुणवत्तेमुळे काय? गुणवत्ता तर होतीच. परंतु दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा अंक काढला, मुळगावकरांनी 'रत्नप्रभा' काढला. दोघेही चित्रकार होते तसेच प्रकाशक-संपादकही होते. बाबूराव पेंटर स्वतःच्या कंपनीचे धनी होते. म्हणजे ज्या चित्रकारांची नावे टिकली, त्यांपैकी पुष्कळांच्या हाती छपाईचे वा पडद्याचे साधन होते. ज्यांनी दुसऱ्याच्या पुस्तकासाठी चित्र करून दिले, मानधनाचे पाकीट घेतले आणि घरची वाट धरली, त्यांच्यापैकी कितीतरी जण त्या पाकिटाबरोबरच विसरले गेले. कोपऱ्यातली सही छपाईत कापली गेली, दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठच बदलले, आणि मूळ चित्र कोठे गेले हे विचारणारा कोणी उरला नाही.

येथे मुखपृष्ठाचे बाजारातील कार्य समजून घेतले पाहिजे. पुस्तक ही अशी वस्तू आहे की विकत घेण्यापूर्वी तिचा उपभोग घेता येत नाही. भाजी चाचपून घेता येते, कापड हाताने पारखता येते. कादंबरी वाचून झाल्यावरच कळते. अशा बाजारात ग्राहक बाह्य खुणांवर विसंबतो. प्रसिद्ध लेखकाचे नाव ही एक खूण, प्रकाशनसंस्थेचे नाव ही दुसरी. परंतु अद्भुत, भय, रहस्य असल्या वाङ्मयात, जेथे लेखक अनेकदा नवखा किंवा टोपणनावाचा असतो, तेथे मुखपृष्ठ हीच पहिली आणि पुष्कळदा एकमेव खूण असते. टपरीवरच्या दहा पुस्तकांतून एक उचलले जाते ते मुखपृष्ठामुळे. विक्रीतील आपल्या वाट्याबद्दल लेखकाला प्रत्येक आवृत्तीस स्वामित्वशुल्क मिळते, निदान मिळावे असा संकेत आहे. चित्रकाराला मात्र एकदाच आणि ठोक रक्कम मिळते. पुस्तकाच्या पाच आवृत्त्या त्याच मुखपृष्ठाने निघाल्या, तरी ती रक्कम बदलत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाच्या कलम १७ नुसार एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगविलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, अन्य करार नसेल तर, चित्रकार नव्हे, तर ते करवून घेणारा. गंमत अशी की, मासिकाच्या नोकरीत असलेल्या चित्रकाराची स्थिती याच कलमाने थोडी बरी ठेवली आहे. मासिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी सर्व बाबतींत, अन्य करार नसेल तर, चित्रकाराचा. म्हणजे निदान कायद्याच्या शब्दांत तरी पगारी चित्रकार हा स्वतंत्र चित्रकारापेक्षा अधिक स्वतंत्र आहे! पुढे १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. मूळ चित्राची दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुनर्विक्री झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत दहा टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत हिस्सा मागता येतो. तरतूद चांगली आहे. पण तिला अट अशी की, चित्रकार कलम १७ खाली पहिला हक्कदार असला पाहिजे. मुखपृष्ठाचा चित्रकार तेथेच अडतो. ज्याला पहिल्या कलमाने वगळले त्याला दुसऱ्या कलमाचे दार बंदच. एक गोष्ट तेवढी शिल्लक राहते. कलम ५७ प्रमाणे कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा विशेष हक्क प्रतिलिप्यधिकार विकल्यानंतरही त्याच्याकडेच राहतो. पैसा गेला तरी नाव मागता येते. ते मागावयास कोर्टात कोण जाणार, हा प्रश्न वेगळा.

पाश्चात्त्य देशांत मुखपृष्ठकार फार सुखात होते असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील स्वस्त मासिकांनी चित्रकारांना तुटपुंजे पैसे दिले आणि मूळ चित्रे पुष्कळदा आपल्याकडेच ठेवली. पण तेथे एक गोष्ट घडली, जी आपल्याकडे घडली नाही. वाचकांनी स्वतः संमेलने भरविली. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. त्यात बहुसंख्य कोवळ्या वयाची पोरे होती. त्यांनी सन्माननीय अतिथी म्हणून कोणास बोलाविले? एखाद्या कादंबरीकारास नव्हे, तर फ्रँक आर. पॉल या मुखपृष्ठकारास. १९२६ मध्ये निघालेल्या 'अमेझिंग स्टोरीज' मासिकाची परग्रहांची, यंत्रांची, अजस्र कीटकांची मुखपृष्ठे त्याची होती आणि त्या पोरांनी ती मासिके मुखपृष्ठे पाहूनच उचलली होती. ज्याच्यामुळे आपण या वाङ्मयाकडे आलो त्याला प्रथम पाचारण करावे, इतका सरळ त्यांचा हिशेब. १९५३ मध्ये याच संमेलनाने ह्यूगो पारितोषिके सुरू केली, तेव्हा पहिल्याच वर्षी मुखपृष्ठकारासाठी एक पारितोषिक ठेवले आणि ते हानेस बोक व एड एम्शविलर या दोघांत विभागून दिले. १९७५ पासून केवळ अद्भुतवाङ्मयाचे निराळे जागतिक संमेलन भरू लागले, आणि तेही आपल्या पारितोषिकांत चित्रकाराला विसरले नाही.

अशा संमेलनांत चित्रांचे प्रदर्शन असते, मूळ चित्रांचा लिलाव होतो, चित्रकार मेजामागे बसून वाचकांशी बोलतो. परिणाम असा की, पुस्तक न वाचताही मुखपृष्ठकाराचे नाव वाचकाला कळते आणि त्या नावामुळे तो पुढचे पुस्तक उचलतो. म्हणजे चित्रकाराचे नाव हीच बाजारातील एक खूण बनते, आणि खूण बनली की तिला किंमत येते. फ्रँक फ्रॅझेटा या चित्रकाराने १९६६ पासून 'कॉनन'च्या पुस्तकांना जी मुखपृष्ठे दिली, त्यांनी त्या पुस्तकांचे नशीब पालटले. मूळ चित्रे आपल्याकडे परत आली पाहिजेत असा त्याचा आग्रह असे. त्याच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याचे एक चित्र ५४ लाख डॉलरला गेले. हा अपवादात्मक आकडा आहे हे खरे. त्यामागची अट मात्र अपवादात्मक नाही: चित्र चित्रकाराच्या घरी होते, प्रकाशकाच्या गोदामात नव्हते.

आपल्याकडे संमेलनांची वाण कधीच नव्हती. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरविली, त्याची परंपरा अखंड म्हणता येणार नाही, पण दीर्घ आहे. कोल्हापूरला १९३२ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आणि १९९२ मध्ये रमेश मंत्री यांच्या अध्यक्षतेखाली साहित्यसंमेलन भरले. इचलकरंजीस १९७४ मध्ये पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते. कोल्हापूर जिल्ह्यात लहानमोठी ग्रामीण साहित्यसंमेलनेही भरतात. ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतात, कविसंमेलन रात्री उशिरापर्यंत चालते आणि ग्रंथप्रदर्शनात गर्दी उसळते. त्या प्रदर्शनातील प्रत्येक गाळ्यावर शेकडो मुखपृष्ठे मांडलेली असतात आणि ती रंगविणारा मनुष्य तेथे कोठेही नसतो. लेखकाची सही घ्यावयास रांग लागते. चित्रकाराची सही घ्यावी अशी कल्पनाही कोणास सुचत नाही, कारण तो कोण हे पुस्तकाच्या तिसऱ्या पानावरील बारीक टाइपात शोधावे लागते.

अद्भुताकडे पाहण्याची साहित्यसंमेलनाची दृष्टी अगदीच बदललेली नाही असे नाही. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली होती, आणि २०२१ मध्ये ते नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. एके काळी पोरांची करमणूक समजल्या गेलेल्या प्रकाराला अध्यक्षपदापर्यंत पोचावयास एवढी वर्षे लागली. त्याच कथांची मुखपृष्ठे करणाऱ्यांना व्यासपीठाच्या पायरीपर्यंत यावयास आणखी किती लागणार? दिल्लीत २०११ पासून आणि नंतर मुंबईसारख्या शहरांत 'कॉमिक कॉन' नावाचे मेळे भरू लागले आहेत आणि तेथे तरुण चित्रकार स्वतःची मेजे मांडून बसतात हे खरे. पण तेथील तिकीट, तेथील भाषा आणि तेथील बाजार राधानगरीच्या विद्यार्थ्याला परका आहे. मराठी पुस्तकाचा चित्रकार त्याला भेटावयाचा तर तो मराठी संमेलनातच भेटला पाहिजे.

प्रकाशकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मराठीत हजारभर प्रतींची आवृत्ती खपावयास वर्षानुवर्षे लागतात. कागद, छपाई, टपाल, विक्रेत्याची सूट वजा जाता हाती उरते ते थोडे. अशा स्थितीत चित्रकाराला प्रत्येक आवृत्तीवर हिस्सा द्या म्हणणे म्हणजे नसलेल्या विहिरीचे पाणी वाटणे होय. हे म्हणणे अगदीच अयोग्य नाही. आज तर यंत्राकडून मिनिटात चित्र काढवून घेण्याची सोय झाली आहे, आणि चित्रकाराच्या मानधनाचा खर्च वाचविण्याचा मोह लहान प्रकाशकाला होणे स्वाभाविक आहे. पण ज्या गोष्टीला पैसा लागत नाही तीही केली जात नाही, तेव्हा गरिबीची सबब अपुरी पडते. मलपृष्ठावर लेखकाच्या परिचयाखाली चित्रकाराचे नाव ठळक छापावयास शाई किती लागते? मूळ चित्र काम झाल्यावर परत करण्यास पाकिटाखेरीज काय लागते? करारपत्रात 'प्रतिलिप्यधिकार चित्रकाराकडे राहील. प्रकाशकास या पुस्तकापुरता वापर' एवढे एक वाक्य घातले, तर कलम १७ ची वर सांगितलेली अडचण तेथेच दूर होते आणि प्रकाशकाचे पुस्तकही अडत नाही. मराठीतील बहुतेक मुखपृष्ठे तोंडी बोलण्यावर होतात, हाच मुख्य रोग आहे. नफ्याची वाटणी हा पुढचा प्रश्न.

शेवटी वाचनालयांचा विषय, कारण मुखपृष्ठांचा सर्वाधिक संहार तेथे होतो आणि तो वाईट हेतूने नव्हे, काटकसरीने होतो. पुस्तक फार हाताळले गेले की ते बांधणीस जाते. बांधणारा मुखपृष्ठ फाडून काढतो, वर जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ चढवितो, पाठीवर क्रमांक घालतो. पुस्तकाचे आयुष्य वाढते, चित्र मात्र रद्दीत जाते. सर्वाधिक वाचली जाणारी पुस्तके सर्वाधिक वेळा बांधली जातात. म्हणून रहस्यकथा, भयकथा, जादूच्या गोष्टी यांचीच मुखपृष्ठे सर्वांत आधी नष्ट झाली. लोकप्रियता हेच त्यांच्या नाशाचे कारण झाले. दाखल-नोंदवहीत लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, पृष्ठे, किंमत यांचे रकाने असतात. चित्रकाराचा रकाना नसतो. त्यामुळे मुखपृष्ठ गेल्यावर ते होते याचीही नोंद राहत नाही.

कोल्हापूरला या बाबतीत उदासीन राहण्याचा हक्क नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे, आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा भारतात सर्वप्रथम केला तो १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने, महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमापूर्वी तब्बल बावीस वर्षे. त्या जिल्ह्यातील तालुक्याच्या वाचनालयांनी बांधणीवाल्याला एवढीच सूचना द्यावी की, मुखपृष्ठ फाडू नये, ते आतल्या बाजूस चिकटवावे अथवा वेगळ्या पाकिटात परत द्यावे. आणि दाखल-नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात चित्रकाराचे नाव लिहावे. राधानगरीचे शिक्षक आणि विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत हे काम सहज करू शकतील. जुन्या अंकांच्या कोपऱ्यांतल्या सह्या भिंगाने वाचावयाच्या, शंकर कोणते आणि ब्राह्मणिया कोणते ते ओळखावयाचे, न ओळखता आलेल्यांची यादी कोल्हापूरच्या कलाशाळांकडे पाठवावयाची. जिल्ह्यात पुढचे संमेलन भरेल तेव्हा ग्रंथप्रदर्शनाच्या मंडपात एक गाळा या जमविलेल्या मुखपृष्ठांना द्यावा आणि तेथे बसावयास एखाद्या हयात मुखपृष्ठकाराला प्रवासखर्च देऊन बोलवावे. दलालांच्या चित्रांवरील प्रतिलिप्यधिकार, तो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे, २०३१ अखेरपर्यंत आहे आणि मुळगावकरांच्या चित्रांवरील २०३६ अखेरपर्यंत. त्यांची चित्रे छापण्यापूर्वी तो कोणाकडे आहे याची चौकशी करून परवानगी घ्यावी लागेल. मूळ पुस्तके आणि अंक काचेआड मांडून ठेवावयास मात्र कोणाची परवानगी लागत नाही.